बायपासनंतर पेशंटला उठवायचं कोणी?

संपादक महोदय, नमस्कार.

बाबांची बायपास झाली आणि दुसऱ्याच दिवशी आयसीयूतल्या सिस्टर म्हणाल्या, "काका चला, पाय खाली सोडून बसायचंय." छातीचं हाड मधोमध कापून स्टीलच्या तारांनी बांधलेलं, नळ्या अजून तशाच, आणि ह्या माणसाला बसवतात? मी तर भांडायलाच निघालो होतो, खरं सांगतो.

नंतर त्यांनीच समजावलं. भूल, हार्ट-लंग मशीन (ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसाचं काम करणारं यंत्र), त्यात दुखतं म्हणून पेशंट श्वास वरवर घेतो, त्यामुळे फुप्फुसाचा खालचा भाग मिटून जातो, कफ साठतो आणि मग न्यूमोनियाची भीती. आडवं पडून राहणं म्हणजे आराम नव्हे. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची हे त्यांनीच शिकवलं. ते तीन बॉलचं स्पायरोमीटर (श्वासाचा व्यायाम करायचं यंत्र) बाबा जोर लावून फुंकत होते, तर म्हणे "काका फुंकायचं नाही, स्ट्रॉने ओढतो तसं आत ओढायचं", जागं असताना दर तासाला १० वेळा. पहिल्या दिवशी एक बॉल जेमतेम हलला. आणि चालवायचं कधी, तर पेनकिलर दिल्यावर अर्ध्या तासाने, बोटाला ऑक्सिमीटर लावून, नाडी बसल्या जागच्यापेक्षा मिनिटाला ३० ठोक्यांनी वर गेली किंवा बोलताना धाप लागली की लगेच खुर्ची.

पण वॉर्डात आणलं आणि सगळं बंद. फिजिओ (व्यायाम करून घेणारे फिजिओथेरपिस्ट) सुट्टीवर, सिस्टर म्हणतात डॉक्टरांची ऑर्डर नाही, आम्ही नातेवाईकही "झोपा बाबा, उठू नका" करत बसलो (चूक आमचीही आहेच). दोन दिवस असेच गेले.

फिजिओ येतो दिवसातून एकदोनदा, सिस्टर मात्र २४ तास असतात. मग बसवणं, चालवणं, थांबवणं ह्याचे नियम लिहून देऊन, ट्रेनिंग देऊन सिस्टरांनाच तो अधिकार का देत नाहीत? प्रत्येक पावलाला डॉक्टरांच्या राऊंडची वाट कशाला बघायची? अर्थात अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर ठेवून हे होणार नाही, माणसं वाढवावीच लागतील.

आणि डिस्चार्जच्या वेळी फाईल हातात देऊन मोकळे होऊ नका. हाड जुळायला ६ ते ८ आठवडे तरी लागतात, तोवर जड उचलायचं नाही, हातावर जोर देऊन उठायचं नाही, हे आम्हाला घरी गेल्यावर फोन करकरून विचारावं लागलं.

कळावे,
एका पेशंटचा मुलगा