ओडिया सिनेमाला पण जागा द्या की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रादेशिक सिनेमावरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला, बंगाली आहे, मल्याळम आहे, आसामी पण दोन ओळीत येऊन गेलं, पण ओडियाचं नावच नाही. मनाला लागलं म्हणून लिहितोय.

मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे. आमच्यात ओडिशाची बरीच पोरं आहेत, जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर त्यांच्याकडचे जुने सिनेमे लावतात, शेजारी बसून बघता बघता मलाही नाद लागला आणि मग मिळेल ते वाचत सुटलो.

पहिला ओडिया बोलपट 'सीता बिबाह', मोहन सुंदर देव गोस्वामींचा, २८ एप्रिल १९३६ ला पुरीच्या लक्ष्मी टॉकीजला लागला. त्याच महिन्याच्या १ तारखेला ओडिशा वेगळा प्रांत झाला होता, म्हणजे प्रांत आणि बोलपट एकाच महिन्यातले. पण शूटिंग झालं कलकत्त्यात. आणि त्याच्यानंतरचा 'ललिता' यायला १९४९ उजाडलं, तेरा वर्षं! आपल्या कोल्हापुरात १९२० लाच बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री' केला, १९३२ ला इथंच 'अयोध्येचा राजा' झाला, स्टुडिओ दारात होता. ओडिशाच्या लोकांनी यातलं काही हाताशी नसताना सिनेमा उभा केला, म्हणून मला त्यांचं कौतुक जास्त वाटतं.

१९६६ ला मृणाल सेननी ओडियात 'माटिर मणिष' केला, कालिंदीचरण पाणिग्रहींच्या कादंबरीवर. दोघा भावांची आणि वाटणीची गोष्ट, थोरला वाद नको म्हणून सगळं धाकट्याला सोडून देतो. आपल्या भागात भावकीच्या वाटणीत काय काय होतं ते बघितलेल्या माणसाला हे परकं वाटणारच नाही. पहिला रंगीत सिनेमा १९७६ चा, 'गप हेले बि सत'. नंतर दाक्षिणात्य रिमेकचा सुकाळ झाला, त्यावर मी जास्त बोलत नाही.

पण नीरद महापात्रांचा 'माया मिरिग' (१९८४) मात्र बघाच. पुरीतलं मध्यमवर्गीय घर, निवृत्तीला आलेले हेडमास्तर, शिकून मोठी होणारी मुलं, आणि बघता बघता एकत्र कुटुंब सुटत जातं, कुणी व्हिलन नाही, कुणी ओरडत नाही. सिनेमा फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीक या विभागापर्यंत गेला, आणि तरी त्याची निगेटिव्ह, म्हणजे मूळ फिल्म, चेन्नईतल्या एका गोदामात खराब होत पडलेली. जुने सिनेमे जपणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननी ती शोधून सिनेमा दुरुस्त केला आणि २०२४ ला इटलीत बोलोन्याला तो परत पडद्यावर आला.

हे वाचलं तेव्हा मला आपला 'सैरंध्री' आठवला, जो आज कुठंच बघायला मिळत नाही. जुन्या सिनेमावाल्यांच्या आठवणीत कोल्हापुरात उभारलेल्या कॅमेरा स्तंभाला हार घालतो आपण, पण जुन्या घरांच्या माळ्यावर, बंद पडलेल्या टॉकीजच्या खोल्यांत पडलेले फिल्मचे डबे कुणी उघडून बघितलेत का?

म्हणून दोन मागण्या. कोल्हापुरात पुढचा फिल्म फेस्टिव्हल होईल तेव्हा 'माया मिरिग' मराठी सबटायटल घालून लावा, एखादा शो रविवारी ठेवा म्हणजे आमच्या फाउंड्रीतल्या पोरांनाही येता येईल. आणि ज्यांच्या घरात जुन्या फिल्मचे डबे असतील त्यांनी ते भंगारात घालायच्या आधी एखाद्या जाणकाराला दाखवावेत, असं आवाहन तुमच्या पेपरात एकदा मोठ्या अक्षरात छापा.

आपला,
एक वाचक, शिरोली, कोल्हापूर