वादळाच्या आधीचे चाळीस तास

चिरंजीव बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. किनारपट्टीचा कार्यभार हाती घेऊन तुला जेमतेम तीन आठवडे झाले आहेत, आणि समुद्रातल्या कमी दाबाच्या क्षेत्राचे वादळात रूपांतर होण्याची शक्यता असल्याची सूचना एवढ्यातच तुझ्या टेबलावर आली आहे. लोकांना हलवण्याचा आदेश नेमका कधी द्यावा, असे तू विचारले आहेस. तुझ्या इतर प्रश्नांची उत्तरे कार्यालयातल्या आराखड्यात सापडतील. या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यात बहुधा नसेल, किंवा असले तरी चुकीच्या क्षणापासून मोजलेले असेल, म्हणून त्याविषयीच सविस्तर लिहिते.

तुला सगळे जण एकच वेळ सांगतील, ती म्हणजे वादळ किनाऱ्याला धडकण्याची. पण ती वेळ वादळाच्या केंद्राची असते आणि तुझे काम केंद्र पोहोचण्याच्या कितीतरी आधी थांबते. वारा ताशी ६० किलोमीटरच्या पुढे गेला की उंच बसगाड्या पुलांवरून नेता येत नाहीत, होड्या हाकता येत नाहीत, आणि रस्त्यावर पडलेले झाड कापायला माणूस पाठवणे म्हणजे त्याचा जीव पणाला लावणे असते. असा वारा केंद्रापासून २०० किलोमीटरपर्यंत पसरलेला असेल आणि वादळ ताशी १५ किलोमीटर वेगाने सरकत असेल, तर तो केंद्राच्या सुमारे १३ तास आधीच किनाऱ्यावर येतो. त्या क्षणापासून मागे मोजायला लाग. माणसे हलवायला १८ तास धर (आराखड्यात १२ लिहिले असले तरी १८ धर), वाहने, चालक आणि इंधन जागेवर आणायला ६ तास, आणि मध्ये रात्र येत असेल तर आणखी ३ तास. बेरीज ४० तासांची होते. त्या घटकेला आकाश बहुधा निरभ्र असते आणि लांबलांब अंतराने येणाऱ्या जड लाटांखेरीज किनाऱ्यावर वेगळे काही दिसत नाही, त्यामुळे तुझा आदेश ऐकून लोक वर पाहतील आणि तुझ्याकडे संशयाने बघतील. तरीही तो तेव्हाच निघाला पाहिजे.

मी एकदा वाट पाहिली होती. मार्गाविषयीचा पुढचा अंदाज सहा तासांनी येणार होता आणि तो आल्यावर चित्र स्पष्ट होईल, असे मला वाटले. अंदाज आला, मार्ग होता तसाच राहिला, फक्त सहा तास गेले. शेवटच्या दोन वस्त्यांकडे बसगाड्या निघाल्या तेव्हा वाऱ्यामुळे त्यांना खाडीच्या पुलावर सोडता येईना. तिथली माणसे एका पक्क्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर रात्रभर बसून राहिली आणि वाचली, कारण पाणी अंदाजापेक्षा कमी चढले. त्यात माझे कर्तृत्व काहीच नव्हते. ती रात्र मी नियंत्रण कक्षात कशी काढली हे तुला कधी सांगितले नाही. आज सांगते आहे ते एवढ्यासाठी, की नेमके तेच सहा तास थांबण्याचा मोह तुलाही होईल.

चाळीस तास आधीच्या अंदाजात केंद्राच्या जागेचा शंभर किलोमीटरचाही फरक पडू शकतो, हे मान्य करूनच निर्णय घ्यावा लागतो. नकाशावर पुढे रुंद होत जाणारा जो पट्टा दाखवतात, तो केंद्र कुठून जाऊ शकेल एवढेच सांगतो. वारा, पाऊस आणि समुद्राचे पाणी त्या पट्ट्याच्या बाहेरही पोहोचते. आपल्या गोलार्धात, म्हणजे विषुववृत्ताच्या उत्तरेस, वादळ ज्या दिशेने चालले असेल तिकडे तोंड करून उभे राहिल्यास उजव्या हाताच्या बाजूला वारा अधिक जोराचा असतो आणि पाणीही तिकडेच अधिक चढते. केंद्र शेजारच्या भागात धडकणार म्हणून निर्धास्त झालेला किनारा त्या उजव्या बाजूला तर नाही ना, हे आधी पाहा.

आता पाण्याविषयी. वाऱ्यापासून पक्की भिंत वाचवू शकते, पाण्यापासून फक्त उंची आणि अंतर वाचवते. नोव्हेंबर १९७० मध्ये गंगेच्या मुखाजवळच्या सखल बेटांवर जे वादळ आले, त्यात किमान ३ लाख माणसे गेली असे मानतात, आणि त्यातले बहुतेक बळी समुद्राने घेतले होते. वादळात हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्राची पातळी साधारण एक सेंटीमीटरने वाढते. म्हणजे दाब ५० ने उतरला तरी वाढ अर्ध्या मीटरची. उरलेले सारे पाणी वारा ढकलत आणतो, आणि किनाऱ्यालगतचा समुद्र जितका उथळ व आखात जितके निमुळते, तितके ते अधिक चढते. त्यावर भरतीची भर पडते. म्हणून केंद्र धडकण्याची वेळ आणि भरतीची वेळ एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहून ठेव. त्यात अमावास्या किंवा पौर्णिमेचे उधाण असेल तर रिकामा करायच्या भागाची आधी ठरवलेली सीमारेषा आणखी आत सरकव. एक घनमीटर पाणी एक टन वजनाचे असते, हे कळल्यावर घराच्या भिंतीवर कोणी विसंबून राहत नाही.

हे लोकांना सांगायचे कसे, याला मी फार महत्त्व देते. २०१३ साली फिलिपिन्समध्ये हैयान वादळाच्या आधी इशारा वेळेवर दिला गेला होता, पण समुद्राच्या चढत्या पाण्यासाठी वापरलेला तज्ज्ञांचा शब्द अनेकांना उमगला नाही, आणि सहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. काही जण तर ज्या इमारतींत आश्रयाला गेले होते तिथेच बुडाले. म्हणून मीटरचे आकडे तुझ्या कक्षातच राहू दे. ध्वनिक्षेपकावरून सांग की पाणी शाळेच्या खिडकीपर्यंत येईल, बंदरावरच्या गोदामाचे दार बुडेल. आणि तू निवडलेला प्रत्येक निवारा त्या पाण्याच्या वर आहे का, हे कागदावर न पाहता आजच माणूस पाठवून तपासून घे.

मात्र ज्यांना हलण्याची गरज नाही, त्यांना हलवू नकोस. २००५ मध्ये रीटा वादळाच्या वेळी अमेरिकेतल्या टेक्सासमधून लाखो लोक एकाच वेळी रस्त्यावर आले आणि त्या स्थलांतरातच शंभरच्या आसपास माणसे दगावली. त्यात वृद्धाश्रमातून निघालेल्या एका बसला लागलेल्या आगीत २३ जण गेले. सखल भागातली घरे, कच्ची घरे आणि खाडीकाठ एवढे रिकामे कर. उंचावरच्या पक्क्या घरातल्या लोकांना घरातच थांबायला आणि रस्ते मोकळे ठेवायला स्पष्ट शब्दांत सांग. ज्या गर्भवतींचे दिवस भरत आले आहेत आणि ज्यांना ठरावीक दिवसांनी डायलिसिस लागते, त्यांना आदेशाचीही वाट न पाहता रुग्णालयाजवळ आणून ठेव.

समुद्रात गेलेल्यांचा हिशेब तर याहूनही आधी सुरू होतो. २०१७ च्या ओखी वादळात अनेक मच्छीमार मोबाइलच्या टप्प्याबाहेर होते, आणि त्यांच्यापैकी कित्येक परतलेच नाहीत. बंदरातून किती होड्या बाहेर आहेत, त्यांवर किती माणसे आहेत आणि कोणाकडे बिनतारी यंत्र आहे, हे तुला आज संध्याकाळपर्यंत कळले पाहिजे. धरणांचे पाणी आधीच थोडे थोडे सोडण्याविषयी पाटबंधारे खात्याशी तू स्वतः बोल, कारण अतिवृष्टी आणि उधाण एकाच वेळी आले तर नदीला समुद्रात उतरायला वाट राहत नाही.

लोक हट्टाने घर सोडत नाहीत, असे तुझे कर्मचारी तुला सांगतील. मला तो हट्ट क्वचितच दिसला. कोणाला गोठ्यातली जनावरे सोडवत नाहीत, कोणाला चोरीची धास्ती असते, कोणाच्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असते. बांगलादेशात जनावरांसाठी मातीचे उंच भराव घातले, तेव्हा माणसेही निघू लागली. एप्रिल १९९१ मध्ये त्याच देशात सुमारे १ लाख ३८ हजार माणसे गेली आणि मृतांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक होते. मुलांना मागे टाकून त्या निघू शकल्या नाहीत, आणि अनोळखी पुरुषांच्या गर्दीत रात्र काढण्याची भीतीही होती. पुढे त्या देशाने गावोगावच्या स्वयंसेवकांत स्त्रियांची संख्या वाढवली. तुझ्या निवाऱ्यात स्त्रियांसाठी वेगळी खोली, उजेड आणि कडी लागणारे शौचालय नसेल, तर तुझा आदेश निम्म्या घरांपर्यंत पोहोचणारच नाही.

हे सारे आपल्या देशात जमले आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशात सुमारे १० हजार माणसे गेली. २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर फायलिन आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले होते आणि मृतांची संख्या काही डझनांवर थांबली. मधल्या १४ वर्षांत निवारे बांधले गेले, गावपातळीवर माणसे तयार केली गेली आणि सराव होत राहिले. तुला तेवढा अवधी नाही, पण निवारे आणि माणसे तुझ्या हाताशी आहेत.

वारा एकाएकी पडला तर कोणालाही दार उघडू देऊ नकोस. तो वादळाचा डोळा, म्हणजे केंद्रातला शांत भाग, असू शकतो, आणि त्यानंतर वारा उलट्या दिशेने तितक्याच जोराने परत येतो. वादळ सरल्यावर लोकांना लगेच घरी सोडू नकोस. विजेच्या तारा तपासल्यावर आणि पिण्याच्या पाण्यात क्लोरीन टाकल्यावरच सोड. बंद खोलीत जनरेटर चालवल्याने वादळानंतर माणसे झोपेतच जातात, म्हणून ती सूचना वादळाआधीच दे.

अंथरुणाला खिळलेल्यांची आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी आज रात्रीच मागव. प्रत्येक नावापुढे त्यांना उचलून आणणाऱ्या दोघांची नावे लिहिलेली असू देत. एकाचे नको, एक जण स्वतःच्या घरच्यांत अडकतो. ती यादी हाती आली की मला एका ओळीत कळव. खुशालीचे नंतर लिहिलेस तरी चालेल.

तुझी,
आई