तोफखान्याचा ड्रायव्हर गाडीवान नव्हता

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला पहिल्या महायुद्धातल्या घोड्यांच्या तोफखान्यावरचा लेख वाचला. तोफांची माहिती चांगली आहे. पण ‘गाडीवान लिंबरवर (तोफेच्या पुढे जोडायच्या दोनचाकी गाडीवर) बसून सहा घोडे हाकत’ हे वाक्य साफ चूक आहे, आणि पुढचे सगळे विवेचन त्यावरच उभे आहे.

ब्रिटिश रॉयल फील्ड आर्टिलरीच्या, म्हणजे मैदानी तोफखान्याच्या, अठरा पौंडी तोफेला घोड्यांच्या तीन जोड्या असत आणि प्रत्येक जोडीला एक ड्रायव्हर. तो डाव्या घोड्यावर स्वार असे. स्वतःच्या घोड्याचा लगाम डाव्या हातात, शेजारच्या घोड्याचा दोर नि आखूड चाबूक उजव्या हातात. दोन घोड्यांच्या मध्ये पाय चिरडू नये म्हणून उजव्या पायाला लोखंडी पट्टी बांधलेली. लिंबरवर बसत ते तोफ डागणारे गोलंदाज. लगामांशी त्यांचा काही संबंध नसे.

म्हणूनच ड्रायव्हरचे शिक्षण आधी स्वारीचे. रिकिबीशिवाय दुडक्या चालीत बैठक पक्की करायची, मग दुसरा घोडा सोबत न्यायला शिकायचे, आणि त्यानंतर जुंपणी. खरी परीक्षा वळणावर. पुढच्या जोडीने वळतानाही जोर लावला तर मधली जोडी आत खेचली जाते, ओढपट्ट्यात पाय अडकतो आणि घोडा पडतो. वळताना पुढच्यांनी ओढ कमी करायची, गाडी वळवायची ती लिंबरच्या दांडीच्या दोन्ही बाजूंच्या मागच्या जोडीने. उतारावर मागून येणारा भार तोलायचा तोही तिनेच. सर्वांत भक्कम घोडे तिथे. तोफ आणि लिंबर मिळून सुमारे दोन टन. एक जोडी अंग चोरू लागली की बाकीच्या चौघांचे खांदे सोलवटतात. म्हणून ड्रायव्हरची नजर सतत पट्ट्यांवर. मुक्कामावर आधी पाणी, मग चंदीचा तोबरा. खोगीर काढले की पाठ आणि खांदे हाताने चाचपायचे, मग खरारा. फोड वेळीच सापडला नाही तर घोडा बाद, आणि एक घोडा बाद झाला की तोफेचा वेग गेला.

लेखात याला ‘काही आठवड्यांत जमणारे काम’ असे म्हटले आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी फ्रान्समधल्या ले कातो येथे ३७व्या हॉवित्झर बॅटरीचे (आखूड नळीच्या तोफांच्या तुकडीचे) कॅप्टन रेनॉल्ड्स दोन तोफा सोडवायला घोडे घेऊन परत गेले. जर्मन पायदळ शंभर यार्डांवर होते. गोळीबारात तोफा लिंबरला जोडल्या, एक निसटली. ल्यूक आणि ड्रेन या दोन ड्रायव्हरांनाही व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. गोळ्या अंगावर येत असताना सहा घोडे एका ओढीत ठेवणे ही वर्षांची कमाई असते. ब्रिटिश युद्धमंत्री किचनरच्या नव्या, स्वयंसेवकांच्या सैन्यात लाकडी तोफांवर कवायत करावी लागली, तेव्हा सरावाची हीच उणीव सर्वांत जास्त जाणवली असणार.

आणखी एक. लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘फील्ड आर्टिलरीचे भारतीय जवान’ असे छापले आहे. चित्रात खेचरांच्या पाठीवर तोफेचे सुटे भाग दिसतात. ती डोंगरी तोफ आहे. १८५७ नंतर, मोजके अपवाद सोडता, भारतीयांना डोंगरी तोफाच दिल्या जात. मैदानी तोफांची पहिली भारतीय ब्रिगेड उभी राहिली ती १९३५ साली, बंगळूरला. निदान ही ओळ तरी पुढच्या रविवारी दुरुस्त करून छापावी.

आपला,
एक वाचक, अहमदनगर