यशिका कॅमेरा वाचवणाऱ्या काकांना

काका,

सप्रेम नमस्कार.

मुंबईत फोर्टातल्या तुमच्या कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात गर्दी होती, आभार नीट मानायचे राहून गेले. ते इथे सगळ्यांसमोर मानतो, म्हणजे भिजलेला कॅमेरा घेऊन बसलेल्या आणखी कुणालाही तुमचं सांगणं उपयोगी पडेल.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली आणि बाबांच्या स्टुडिओतलं कपाट बुडालं. आत त्यांचा यशिका मॅट १२४जी हा जुना फिल्मचा कॅमेरा होता, आणि माझा बॅटरीवरचा एसएलआर कॅमेरा. फोनवर तुम्ही आधी रोलचं विचारलंत. "वाळू देऊ नका. अंधारात काढा, डब्यात स्वच्छ गार पाण्यात बुडवून लॅबला द्या. वाळला की इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, रोलच्या मागच्या कागदाला चिकटतो. आणि शटर अजिबात दाबू नका, गाळ गिअरमध्ये फिरेल." त्या रोलवर बाबांनी टिपलेला हरिपूरचा संगम होता. कडांना डाग पडले, पण बरेच फोटो हाती लागले.

माझ्या एसएलआरचं सर्किट तुम्ही भिंगाखाली दाखवलंत. तांब्यावर हिरवट थर चढला होता. "याचं शटरच सर्किटवर चालतं. आज चालू केला तरी महिन्याने बंद पडेल. सोडून द्या." तपासणीचे पैसेही घेतले नाहीत.

यशिकाला मात्र तुम्ही वेगळा न्याय लावलात. लेन्समागे टॉर्च धरलात; बुरशी होती, पण काचेवरचं कोटिंग तिने खाल्लं नव्हतं. शटर अख्खं यांत्रिक. मी म्हटलं, याच पैशांत दुसरा सेकंडहँड मिळेल. त्यावर तुम्ही म्हणालात, "हे मॉडेल १९८६ मध्ये बंद झालं. दुसरा आणलात तरी तोही म्हाताराच, त्याचंही सर्व्हिसिंग करावंच लागणार. याच्या आत काय आहे, ते निदान मी बघितलंय. खाऱ्या पाण्यात बुडाला असता तर हात लावला नसता."

उजेड मोजणारा मीटर मेला होता, तो दुरुस्त करण्याचे पैसे तुम्ही सहज लावू शकला असता. उलट तुम्हीच अडवलंत: तो चालायचा १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर, आणि ते सेल आता बाजारात नाहीत. "मीटर कशाला? कडक उन्हात १०० आयएसओच्या फिल्मला शटर १/१२५ सेकंद, लेन्सचं छिद्र एफ १६. बाबांना विचारा, त्यांना पाठच असेल." खरंच पाठ होतं.

कॅमेरा परत देताना तुम्ही एक सेकंदाचा स्पीड लावून तो बाबांच्या कानाशी धरलात. आत गिअरची बारीक घरघर पूर्ण सेकंदभर, कुठेही न अडखळता. बाबांनी तो पुन्हा पुन्हा लावून ऐकला.

कुठे पैसे घालावेत आणि कुठे घालू नयेत, हे तुम्ही स्वतःचा गल्ला न बघता सांगितलंत. त्याबद्दल मनापासून आभार. संगमाचे प्रिंट वेगळ्या पाकिटातून पाठवले आहेत.

तुमचा,
सांगलीचा एक गिऱ्हाईक