आधी जँगो, मग सर्व्हर: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री, माहिती तंत्रज्ञान, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

ठाण्यातील एका सरकारी कार्यालयाचे दाखल्यांचे पोर्टल गेल्या रविवारी रात्री अद्ययावत करण्यासाठी बंद झाले. सोमवारी सकाळी दहाला सुरू होईल, असे दारावर लिहून लावले होते. आज शुक्रवार. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कळवा, दिवा, मुंब्र्याहून माणसे रोजंदारी बुडवून येतात आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढे ऐकून परत जातात.

सर्व्हर डाऊन नाही, महोदय. खिडकीवर मिळालेल्या माहितीनुसार नवा सर्व्हर उबुंटू २४.०४ चा (उबुंटू म्हणजे सर्व्हरची संचालन प्रणाली) आहे, म्हणजे त्यावर पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा ३.१२ आवृत्तीची. पोर्टल मात्र जँगो ३.२ वर लिहिलेले; जँगो म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा. जँगो ३.२ पायथन ३.१० पर्यंतच चालते, तेही ३.२.९ पासून. पायथन ३.१२ मधून ‘डिस्टयुटिल्स’ हा जुना घटक काढून टाकला आहे आणि जँगो ३.२ सुरू होतानाच तो मागते. तो मिळत नाही, पोर्टल उठत नाही. हे अचानक घडलेले नाही. डिस्टयुटिल्स जाणार हा इशारा पायथन ३.१० पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२१ पासून मिळत होता.

जुन्या पण सपोर्ट चालू असलेल्या आवृत्तीला नव्या पायथनशी जुळवून घ्यायला अवधी लागतो. पायथन ३.१२ आले २ ऑक्टोबर २०२३ ला, जँगो ४.२ ने त्याला मान्यता दिली ४.२.८ मध्ये, डिसेंबरात. तेवढे थांबायचे असते. उबुंटूसुद्धा एका एलटीएसवरून (दीर्घकाळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती) पुढच्यावर जायला तिची पहिली दुरुस्त आवृत्ती, ‘.१’, निघाल्यावरच सुचवते. आणि फार थांबायचेही नसते: जँगो ३.२ चा सपोर्ट एप्रिल २०२४ मध्येच संपला, जुन्या सर्व्हरवरील उबुंटू २०.०४ चा मे २०२५ मध्ये. इथे आधी झोप काढली आणि मग एका रात्रीत उडी मारली.

क्रम उलटा हवा होता. जुन्याच सर्व्हरवर, पायथन ३.८ वर, आधी जँगो ४.२ करायचे, ते चालते. डेप्रिकेशनच्या, म्हणजे पुढे काढल्या जाणाऱ्या गोष्टींच्या, सूचना चालू ठेवून चाचण्या घ्यायच्या. जुने ‘युगेटटेक्स्ट’ आणि ‘यूआरएल’ ही फंक्शन्स जँगो ४.० मध्ये गेली, ती बदलायची. सीएसआरएफ, म्हणजे दुसऱ्या साइटवरून खोटे अर्ज घुसवण्याचा हल्ला, रोखण्याच्या सेटिंगमधील विश्वासू पत्त्यांपुढे ‘एचटीटीपीएस’ लिहायचे. ते राहिले तर जँगोची स्वतःची तपासणी चूक दाखवते; ती तपासणी न करता पोर्टल सुरू केले, तर पान उघडते, पण अर्ज सादर करताना ४०३ (परवानगी नाही) येऊ शकतो, आणि हा दोष पहिला अर्जदार येईपर्यंत कळत नाही. हे जमल्यावरच सर्व्हर बदलायचा. पुढे जँगो ५.२, कारण ४.२ चा सपोर्ट एप्रिल २०२६ पर्यंतच, ५.२ चा एप्रिल २०२८ पर्यंत.

पण हे करणार कोण? देखभालीच्या करारात सहसा पोर्टल चालू ठेवण्याचे पैसे असतात, आवृत्ती बदलण्याचे नसतात. सर्वात कमी बोली लावणाऱ्याला काम, आणि चाचणीचा सर्व्हर खर्च वाचवायला पहिला कापला जातो. मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरायचे धोरण केंद्राने २०१५ मध्ये केले. सॉफ्टवेअर फुकट मिळते म्हणून त्याची निगा फुकट होत नाही, हे निविदांमध्ये क्वचितच दिसते. चूक कंत्राटदाराची, दंड रांगेतल्या माणसाला. हे संतापजनक आहे!

प्रत्येक करारात प्रत्येक घटकाची सपोर्ट संपण्याची तारीख लिहा, आणि त्याआधी सहा महिने बदल पूर्ण करण्याची अट घाला. आणि जुना सर्व्हर अजून पुसला नसेल, तर तो उबुंटूचा विस्तारित सुरक्षा सपोर्ट (मुदत संपल्यावरही मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या) घेऊन आजच सुरू करायला सांगा. सोमवारी पुन्हा रांग लागणार आहे.

आपला,
ऐरोली, नवी मुंबई येथील एक सॉफ्टवेअर अभियंता