आप्पांच्या डाव्या खिशातला फोन

प्रिय मन्या,

आठ महिने पत्र नाही, तू रागावला असशील तर रास्तच आहे. इकडे सगळे बरे, रक्तदाब आटोक्यात. आज लिहायला बसलो ते तू पाठवलेल्या फोटोमुळे. आप्पा झोपाळ्यावर बसलेत, सदऱ्याच्या डाव्या खिशात फोन, आणि त्या फोनला चुंबकाने मिटणारं झाकण. आयसीडी, म्हणजे जीवघेणी धडधड ओळखून हृदयाला शॉक देणारं यंत्र, बसवलंय तेही डावीकडेच, त्या खिशाच्या जरा वर. फोटो पाहिल्यापासून जीव थाऱ्यावर नाही.

फोनवर बोलण्याची भीती नाही, भीती चुंबकाची आहे. त्या यंत्रात चुंबक ओळखणारा भाग मुद्दाम ठेवलेला असतो. शस्त्रक्रियेत विजेची सुरी चालते तेव्हा यंत्राने चुकून शॉक देऊ नये म्हणून डॉक्टर छातीवर चुंबक ठेवतात. साधारण 10 गॉसला (गॉस म्हणजे चुंबकाचा जोर मोजायचं माप) तो भाग जागा होतो आणि झाकणाचा चुंबक अगदी जवळ आला तर तेवढा जोर भरू शकतो. मग साधा पेसमेकर ठरावीक गतीने ठोके देत बसतो. आयसीडीचं मात्र वेगळं. ते जीवघेणी धडधड शोधणंच थांबवतं, म्हणजे नेमकी गरज पडली तर शॉक नाही. आप्पांना कदाचित काही जाणवणारही नाही. चुंबक दूर गेला की यंत्र सहसा आपोआप पूर्ववत होतं. 2021 मध्ये मिशिगनच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आयफोन 12, ज्याच्या पाठीतच चुंबक असतो, तो आयसीडीच्या रुग्णाच्या छातीवर धरला, तेव्हा हेच घडलं. ॲपल स्वतः 15 सेंटिमीटर अंतर सांगते, वायरलेस चार्जिंग चालू असेल तर 30. आप्पांना सेंटिमीटर सांगू नकोस, वीतभर सांग. वीत 15 पेक्षा मोठीच भरते.

हॉस्टेलवर फोन वाजण्याआधी माझा रेडिओ टर्रर करायचा आणि तू माझ्या सोल्डरिंगला नावं ठेवायचास, आठवतं? सोल्डरिंग पक्कं होतं रे! टूजी फोन सेकंदाला 217 वेळा लहर फेकायचा, ती रेडिओत शिरायची. आप्पांच्या यंत्राला मात्र टायटॅनियमचं कवच आणि आत अशा लहरी अडवणाऱ्या गाळण्या असतात. आता तरी माझं सोल्डरिंग मान्य कर.

तरी बोलताना फोन उजव्या कानाला. आडवं पडून छातीवर फोन ठेवायचा नाही. इअरफोन गळ्यात लोंबकळत ठेवायचे नाहीत, त्यांत आणि त्यांच्या डबीतही चुंबक असतो. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट लांब. दुकानाच्या दारातल्या चोरी पकडणाऱ्या खांबांमधून सरळ चालत जायचं, टेकून उभं राहायचं नाही. विमानतळावर यंत्राचं कार्ड आधी दाखवायचं आणि हातातला डिटेक्टर छातीवर धरू नका म्हणायचं. कशाजवळही गरगरलं तर आधी तिथून बाजूला व्हायचं. यंत्रातून बीप ऐकू आला तर जवळचा चुंबक दूर करायचा आणि डॉक्टरांना फोन करायचा.

मीनूची बारावी कशी गेली? तुझ्या बदलीचं काय ठरलं? वहिनींना नमस्कार.

झाकण आजच काढ, साधं रबरी कव्हर घाल. आणि आप्पा सवयीने फोन तिथेच ठेवणार, म्हणून शिंप्याकडून सगळ्या सदऱ्यांचे डावे खिसे उसवून घे. झालं की फोटो पाठव.

तुझा,
दिगू