फुकट घर म्हणण्याआधी पावती बघा

संपादक साहेब, नमस्कार.

मुंबईच्या जुन्या बीडीडी चाळी पाडून भाडेकरूंसाठी टॉवर बांधतायत, त्याची बातमी आली की एक वाक्य ऐकायला मिळतंच, "फुकटात पाचशे फुटाचं घर मिळालं, आता यांना अजून काय पाहिजे." तुमच्या पेपरात पण असं पत्र आलं म्हणून लिहायला बसले. माझं माहेर डिलाईल रोडच्या बीडीडीत, आता डोंबिवलीला असते, त्यामुळे मला त्यातलं घर वगैरे काही मिळणार नाहीये, ते आधीच सांगून टाकते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, इंग्रजांच्या काळातलं. १९२० च्या आसपास वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला या चाळी बांधल्या, सगळ्या मिळून २०७. तळमजला अधिक तीन, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका चाळीत ऐंशी. खोली १६० फुटांची, आत एक मोरी, संडास बाहेर सगळ्यांना मिळून. आणि मालक कोण तर सरकार. म्हणजे आम्ही सगळे सरकारचे भाडेकरू, तीन-चार पिढ्या.

आता इथेच खरी गंमत आहे जी फुकट-फुकट म्हणणाऱ्यांना कळत नाही. रस्त्यापलीकडे खासगी मालकाच्या पागडीच्या (मालकाला एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या भाड्याच्या) चाळीत जो राहतो त्याला भाडे नियंत्रण कायदा आहे, १९९९ चा. त्यात साफ लिहिलंय की भाडेकरू गेला तर त्याच्यासोबत राहणारा घरातला माणूस भाडेकरू होतो, तसं कोणी नसेल तर वारस, आणि आपसात जमलं नाही तर कोर्ट ठरवेल. पण हाच कायदा सरकारच्या मालकीच्या जागेला लागू नाही, सुरुवातीच्याच कलमात वगळलंय. उलट सरकारी जागा रिकामी करून घ्यायला १९५५ चा वेगळा कायदा आहे, तो मात्र लागू. म्हणजे बाहेर काढायला कायदा आणि आत राहायला जीआर. जीआर म्हणजे शासन निर्णयाचा एक कागद, तो आज निघतो आणि उद्या त्याच्यावर दुसरा निघतो, चाळीतल्या माणसाला कळेपर्यंत तिसरा.

पोलिसांचंच बघा ना. बीडीडीत दोन हजारांवर खोल्या पोलिसांच्या क्वार्टर म्हणून होत्या. निवृत्त झाले तरी कुटुंबं तिथेच राहिली, कारण मुंबईत दुसरीकडे जाणार कुठे. त्यांना घर द्यायचं ठरलं तेव्हा किंमत आधी ५० लाख सांगितली, ओरड झाली म्हणून २५, मग सरकार बदललं आणि १५ लाखांवर आली. कमी झाली हे चांगलंच झालं, पण एकाच घराची किंमत ५० वरून १५ वर येते याचा अर्थ मुळात नियम असा काही नव्हताच, ज्याचा आवाज मोठा त्याप्रमाणे आकडा.

आता आमच्या घरातलं सांगते, यात कोणत्या ऑफिसचा दोष नाही, आमचाच आहे. भाडेपावती आजोबांच्या नावावर होती, ते गिरणीत होते. खोलीत आजी-आजोबा, तीन मुलगे, नंतर सुना, आम्ही पोरं, आणि गावाहून आलेला एखादा तरी कायम. कोण कुठे झोपायचं याचं वेळापत्रक पाळ्यांवर ठरायचं, रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा आडवा. ८२ च्या गिरणी संपात बाबा आणि धाकटे काका दोघंही घरी बसले आणि पुढे जे मिळेल ते काम करत विरार, डोंबिवली असे पांगले. आजोबा गेल्यावर पावती मोठ्या काकांच्या नावावर करायची ठरली, दोघा भावांनी चहा पिता पिता सह्या केल्या, वाचलं पण नाही. १६० फुटांच्या खोलीसाठी कोण भांडणार, भाडं पण शंभराच्या आत. आत्यांना तर कोणी विचारलंच नाही.

आज त्याच पावतीवर तिथेच, लोअर परळमध्ये ५०० फुटांचा मालकी हक्काचा फ्लॅट येणार आहे, तोवर दुसरीकडे राहायला महिना २५ हजार भाडं मिळतंय. आणि घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. गणपतीला सगळे यायचे ते गेल्या दोन वर्षांत बंद झालंय. माझ्या चुलत भावाचा हिशोब सोपा आहे, पावती आमची तर घर आमचं. कायद्याने बरोबर असेल. अशी भांडणं आमच्याच घरात नाहीयेत, जवळजवळ प्रत्येक मजल्यावर आहेत. आणि गावकरी मंडळाच्या ज्या खोल्या होत्या, जिथे एका खोलीत अख्ख्या गावाच्या वळकट्या असायच्या, तिथे तर कोणाचं नाव धरणार?

वरळी, नायगाव आणि डिलाईल रोड मिळून साडेपंधरा हजारांच्या वर घरं द्यायची आहेत, त्यातल्या वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या. म्हणजे बहुतेक लोक अजून रांगेत आहेत, उशीर झालेला नाही. चावी देताना फोटो काढतात तसं एक साधं मराठीतलं पुस्तक पण हातात द्या. पावतीवरचा माणूस मध्येच गेला तर घर कोणाला, विकायचं तर कधी आणि कोणाच्या परवानगीने, फुकट देखभालीची बारा वर्षं संपल्यावर चाळीस मजल्यांच्या लिफ्टचा महिन्याचा खर्च किती येईल आणि पेन्शन नसलेला गिरणी कामगार तो कुठून देईल. या शेवटच्या प्रश्नाचं तर मला खरंच टेन्शन येतं, कारण पैसे भरता आले नाहीत की घर विकायचं आणि विरारच्या पुढे जायचं, हे आपण दुसरीकडे बघितलंय.

आणि एक गोष्ट तर आजच करता येईल. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमात करार नवरा-बायको दोघांच्या नावाने करायचा असं लिहिलेलं आहे. तेच वाक्य बीडीडीच्या प्रत्येक करारनाम्याच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात पाहिजे, नवऱ्याच्या मर्जीवर नको.

माझी काकू ७८ वर्षांची आहे. लग्न होऊन त्या खोलीत आली तेव्हा वीस वर्षांची पण नव्हती. पाणी भरलं, डबे केले, सासू-सासऱ्यांचं सगळं केलं, दिरांची लग्नं लावली. परवा भेटायला गेले तर तिने मला हळूच विचारलं, "अगं, त्या नव्या घराच्या कागदावर माझं नाव येईल का गं?" काका शेजारीच बसले होते, ते टीव्हीकडे बघत राहिले.

एक वाचक, डोंबिवली
(माहेर डिलाईल रोड)